मानेतलं इंजेक्शन आणि खांद्याच्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र

निपाणीच्या एका मुलानं वडिलांसाठी विचारलंय. वडील ६२ वर्षांचे, वजन ६० किलो, उभं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलेलं आणि जोडीला ४० वर्षं विडी. मोटारसायकलवरून पडून उजव्या खांद्याचा रोटेटर कफ, म्हणजे हात उचलणाऱ्या स्नायूंची सांध्याभोवतीची पट्टी, फाटला. तो दुर्बिणीतून शिवायचं ठरलंय. भूलतज्ज्ञांनी सांगितलं, संपूर्ण भूल देण्याआधी मानेत एक इंजेक्शन देऊन हात बधिर करू, म्हणजे नंतर दुखणार नाही. मुलाच्या शंका अशा: खांद्याचं ऑपरेशन, मग सुई मानेत कशाला? हात कायमचा लुळा पडला तर? एका नातेवाइकाला असंच इंजेक्शन दिल्यावर श्वास कोंडल्यासारखा झाला होता, ते खरं का? आणि ऑपरेशन झालं की त्याच दिवशी घरी नेता येईल का?

बेळगाव शहरात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत मी २२ वर्षं भूल देतोय. आधी थोडक्यात सांगतो: ब्लॉक, म्हणजे नसा बधिर करणारं हे इंजेक्शन, घ्या. खांद्यावरचं ऑपरेशन हे सगळ्यात जास्त ठणकणाऱ्या ऑपरेशनांपैकी एक आहे आणि पहिल्या रात्रीसाठी याच्या तोडीचा उपाय माझ्याजवळ नाही. पण तुमच्या वडिलांची छाती पाहता कोणता ब्लॉक, किती औषध, हे आधी बोलून घ्यायला हवं. आणि तो ब्लॉक उतरेल तेव्हा काय करायचं, हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच ठरायला हवं. लोक पहिल्या गोष्टीची भीती बाळगतात आणि दुसरीचा विचारच करत नाहीत. माझ्या अनुभवात माणसाचे हाल त्या दुसरीनंच जास्त होतात.

आता मान. हाताच्या नसा हातात तयार होत नाहीत. मानेच्या पाचव्या मणक्यापासून खाली, छातीच्या पहिल्या मणक्यापर्यंत पाच मुळं बाहेर पडतात, एकमेकांत मिसळतात, पुन्हा फुटतात आणि गळ्याच्या हाडामागून काखेतून हातात उतरतात. खांद्याच्या सांध्याची जाणीव मुख्यतः त्यातल्या वरच्या दोन मुळांतून, पाचव्या आणि सहाव्यातून जाते. वाफ्यावाफ्यात धावत बसण्यापेक्षा पाटाच्या तोंडाशीच पाणी वळवावं, तसं हे आहे. मानेच्या बाजूला दोन स्नायूंच्या फटीत ही मुळं एकत्र सापडतात, तिथे औषध सोडलं की खांदा बधिर होतो. ही कल्पना जुनी आहे. १८८४ साली कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला. त्यानंतर लवकरच अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड यांनी मान उघडून हाताच्या नसांवर तेच औषध लावलं. आज आम्ही देतो तो स्नायूंच्या फटीतला ब्लॉक १९७० साली अ‍ॅलॉन विनी यांनी मांडला.

मी शिकलो तेव्हा सोनोग्राफी नव्हती. स्वरयंत्राखालच्या कूर्चेच्या पातळीवर बोट ठेवायचं, फट चाचपायची, सुईला बारीक करंट जोडायचा आणि दंड टकटक उडतोय का बघायचं. करंट अर्ध्या मिलिअँपिअरपर्यंत उतरवूनही दंड उडत राहिला, की नस जवळ आली असं धरायचं. कष्टाचं काम होतं, आणि कितीही सराव असला तरी सुईचं टोक दिसत नव्हतं.

आता काय दिसतं ते सांगतो, कारण ते कळलं की निम्मी भीती जाते. रुग्ण पाठीवर, मान विरुद्ध बाजूला वळवलेली. सोनोग्राफीचा प्रोब मानेवर ठेवला की पडद्यावर आधी मोठी रक्तवाहिनी धडधडताना दिसते. तिथून थोडं बाहेर सरकलं की दोन करड्या स्नायूंच्या मधे तीन काळे गोल ठिपके एकाखाली एक, ट्रॅफिक सिग्नलच्या दिव्यांसारखे. तीच मुळं. सुई बाजूनं येते, पांढऱ्या रेघेसारखी. टोक दिसल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. आधी मिलिलिटरभर सलाइन सोडतो. फट फुगली, ठिपके जरा बाजूला सरले, की जागा बरोबर. मग पिस्टन मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहायचं आणि औषध थोडं थोडं, थांबून थांबून. हे सगळं मी प्रौढ माणसाला जागेपणीच करतो, फार तर थोडी गुंगी देऊन. सुई नसेत रुतली तर हातात झटका बसतो, आणि जागा असलेला माणूस ओरडून ते मला सांगतो. झोपलेला सांगू शकत नाही.

वीसेक मिनिटांनी स्पिरिटचा बोळा खांद्यावर फिरवून विचारतो, गार लागतंय का. मग हात उचलायला सांगतो. उचलत नाही. मागच्या हिवाळ्यात खानापूरकडचा एक तालमीतला पोरगा, खांदा वारंवार निखळायचा म्हणून आलेला, दुसऱ्या हातानं तो हात धरून बघत म्हणाला, "डॉक्टर, ह्यो हात माझा न्हवंच वाटूलाय." असंच वाटतं. हात जड, परका, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. हे आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही.

सोनोग्राफीबद्दल आपल्या भागातली एक अडचण इथेच सांगून टाकतो. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी त्या त्या जागेवर लागते, मग ते मशीन फक्त नसा बघायला का असेना. कायदा आवश्यकच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यामुळे सकाळी संकेश्वर, दुपारी खानापूर असं फिरणाऱ्या भूलतज्ज्ञाला मशीन गाडीत टाकून नेता येत नाही. म्हणून ऑपरेशन कुठे करायचं ते ठरवताना सरळ विचारा: नसांसाठीची सोनोग्राफी तुमच्या थिएटरमध्ये आहे का? नसेल आणि रुग्णाच्या छातीचा प्रश्न असेल, तर मी रुग्णाला जिथे मशीन आहे तिथे पाठवतो.

आता श्वास. तुमच्या नातेवाइकांनी सांगितलं ते खरं असणार. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, हलवणारी नस मानेच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मुळांतून निघते आणि ज्या फटीत आपण औषध सोडतो तिच्या पुढच्या स्नायूवरूनच खाली जाते. औषध पसरलं की तीही झोपते. जुन्या पद्धतीनं २० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त औषध दिलं की त्या बाजूचा पडदा जवळजवळ प्रत्येक माणसात थंडावतो, आणि फुप्फुसात मावणारी हवा साधारण पाव हिश्शानं कमी होते. धडधाकट माणसाला पत्ताही लागत नाही, कारण दुसरी बाजू काम उचलते. पण ज्याच्याकडे शिल्लकच कमी, त्याला दम लागतो. वखारीतला खकाणा आणि ४० वर्षांची विडी म्हणजे शिल्लक कमी असण्याची शक्यता धरूनच चालायला हवं.

मी अशा माणसाला खाटेवर बसवून साधी परीक्षा घेतो. एक खोल श्वास घ्या आणि त्याच एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजत जा, "एक, दोन, तीन". तिशीच्या पुढे सहज गेला तर मला धीर येतो. पंधराच्या आसपास आवाज खाली आला आणि मान पुढे झुकली, तर मानेतला नेहमीचा ब्लॉक मी देत नाही. जिना चढताना कुठे थांबता, रात्री किती उशा घेता, पूर्वी टीबी होऊन एक फुप्फुस आक्रसलंय का, हेही विचारतो. फुप्फुसाची फुंकर-चाचणी आणि छातीचा एक्स-रे तुमच्या वडिलांच्या बाबतीत करून घ्याच. दुसऱ्या बाजूचा पडदा नीट हलतोय ना, हे सोनोग्राफीनं दोन मिनिटांत दिसतं. तो आधीच अधू असेल, तर चांगल्या बाजूचा थंडावून चालणारच नाही.

मग पर्याय काय? पहिला, त्याच जागी पण फक्त ५ मिलिलिटरच्या आसपास औषध. त्यानं पडदा थंडावण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं, शून्यावर नाही. दुसरा, जरा खाली सरकून, पाचवं आणि सहावं मूळ जिथे एकत्र येऊन जाड खोड होतं तिथे औषध सोडायचं. तेवढंच श्वासाच्या नसेपासून दूर जाता येतं. तिसरा, जो तुमच्या वडिलांसारख्या रुग्णात मी स्वतः आधी विचारात घेतो: मानेत जायचंच नाही. फऱ्याच्या हाडावरच्या खाचेतून जी नस सांध्याकडे जाते, ती एकटीच सांध्याची मोठी जाणीव वाहते. ती तिथे बधिर करायची, आणि दंडाच्या मागच्या बाजूला काखेची नस. दोन सुया लागतात, पहिले काही तास आराम मानेतल्या ब्लॉकपेक्षा थोडा कमी वाटतो, जोडीला गोळ्या-इंजेक्शन लागतात. पण श्वास शाबूत राहतो आणि बोटंही हलत राहतात. दमेकऱ्याला हा व्यवहार परवडतो. विडी मात्र आजपासून बंद, ऑपरेशन महिन्यानं असलं तरी.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, दुखायला लागलं की जोरदार इंजेक्शन द्या. ट्रॅमाडॉल, फेंटॅनिल, मॉर्फिन ही औषधं मीही वापरतो. पण या वयात त्यांनी मळमळतं, लघवी अडकते, गुंगी येते, जास्त झाली तर श्वास मंदावतो. म्हणजे छातीसाठी ब्लॉक टाळायचा आणि मग छातीलाच जड जाणारं औषध रात्रभर टोचायचं, असं होतं. शिवाय आपल्याकडच्या कितीतरी लहान हॉस्पिटलांत मॉर्फिन ठेवलेलंच नसतं.

लुळेपणाची भीती. ब्लॉकनंतर कित्येक महिने टिकणारी नसेची इजा दर दहा हजारांत काही मोजक्या जणांना होते. बोटांत मुंग्या, एखादा बधिर पट्टा असं काही दिवस ते काही आठवडे राहणं शंभरात काही जणांना दिसतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं. नसेला ताण ऑपरेशनच्या वेळी हात ओढल्यानंही बसतो. मधुमेह असेल तर नसा आधीच नाजूक असतात, म्हणून साखर असल्यास आधी सांगा, आणि आत्ताच कुठे बधिर आहे का ते तपासून कागदावर लिहून घ्यायला सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी सोबत न्या, स्वतःच्या मनानं बंद करू नका.

औषधाचं विष होण्याची भीतीही काही जण बोलून दाखवतात. ब्युपिव्हॅकेन, म्हणजे ब्लॉकमधलं बधिर करणारं औषध, रक्तात जास्त गेलं तर झटके येतात, हृदयाची गती बिघडते. आम्ही मर्यादा किलोला २ मिलिग्रॅम धरतो, म्हणजे तुमच्या वडिलांना १२०. प्रत्यक्षात अर्ध्या टक्क्याचं १० मिलिलिटर दिलं तरी ते ५० मिलिग्रॅमच होतं. तरीही चुकून रक्तवाहिनीत गेलं तर उतारा म्हणून २० टक्क्यांचं लिपिड, म्हणजे स्निग्ध पदार्थाचं, सलाइन थिएटरमध्ये हाताशी हवं. ते आहे का, हे विचारायला संकोच करू नका. चांगल्या भूलतज्ज्ञाला या प्रश्नाचा राग येत नाही.

मानेतला ब्लॉक दिला तर आणखी दोन गोष्टी दिसू शकतात आणि घरचे हबकतात. त्या बाजूची पापणी खाली येते, बाहुली बारीक होते. आवाज घोगरा होतो. रात्री एका सुनेचा फोन आला होता, "मामांचा डोळा अर्धा मिटलाय, लकवा मारला काय?" मी विचारलं, तोंड वाकडं आहे? नाही. बोलणं स्पष्ट? आवाज बसलाय, पण शब्द स्पष्ट. पाय दोन्ही हलतात? हो. मग तो ब्लॉकचा परिणाम, औषध उतरलं की डोळा उघडेल. सकाळी उघडला होता. मात्र तोंड वाकडं झालं, शब्द बोबडे आले किंवा पायातली ताकद गेली, तर ते ब्लॉकचं नाही, तेव्हा एक मिनिटही थांबायचं नाही. सुनेला ती रात्र काढावी लागली, कारण पापणीचं मी आधी सांगितलं नव्हतं. आता प्रत्येकाला सांगतो.

आता माझ्या हातून घडलेलं सांगतो, कारण या उत्तरातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग तिथून आलाय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका लहान हॉस्पिटलात जांबोटीच्या पलीकडच्या एका शेतकऱ्याच्या खांद्याला सकाळी दहा वाजता ब्लॉक दिला. ऑपरेशन छान झालं. संध्याकाळी माणूस हसत होता, शून्य वेदना, चहा पिऊन झाला होता. खाट हवी होती, घरी सोडलं. चिठ्ठीवर गोळ्या होत्या आणि पुढे माझ्याच अक्षरात एक शब्द: "दुखल्यास." दुखत नव्हतं, म्हणून त्यानं घेतल्या नाहीत. रात्री दोनच्या सुमाराला ब्लॉक उतरला, आणि तो हळूहळू उतरत नाही, शून्यावरचा माणूस तासाभरात कळवळायला लागतो. बाहेर आषाढाचा पाऊस, वाहन नाही, फोनला रेंज नाही. त्यानं गोळी घेतली, पण पेटलेल्या आगीवर ओंजळभर पाणी. सकाळी आणला तेव्हा बायकोनं सांगितलं, आडवंच होता येईना, रात्रभर दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्याचे डोळे मला अजून आठवतात. त्यानं मला एक शब्द बोलून दाखवला नाही.

तेव्हापासून "दुखल्यास" हा शब्द मी खांद्याच्या चिठ्ठीवर लिहीत नाही. गोळ्या घड्याळावर. पॅरासिटामॉल ब्लॉक चालू असतानाच सुरू करायचं, माणूस "दुखत नाही" म्हणत असताना, आणि दर सहा तासांनी पुढे न्यायचं. २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. यकृत बिघडलेलं असेल किंवा दारू असेल तर त्याहून कमी. मूत्रपिंड, पोट आणि हृदय ठीक असेल तर सूज उतरवणारी गोळी जोडीला. आणि एक तगडी गोळी राखीव, ब्लॉक उतरतोय असं वाटताच घ्यायची. बोटांत मुंग्या सुरू झाल्या, कोपर वाकवता यायला लागलं, खांद्यात गरम वाटू लागलं, की समजा तो उतरतोय. ठणका लागेपर्यंत थांबू नका. झोपेची वेळ असेल तर गजर लावून उठवा आणि गोळी द्या. झोपमोड परवडली.

ब्लॉक साध्या ब्युपिव्हॅकेननं बारा ते अठरा तासांच्या आसपास चालतो. आम्ही त्या वेळी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ४ ते ८ मिलिग्रॅम दिलं तर आणखी काही तास मिळतात आणि उतरतानाचा दणका जरा सौम्य होतो. साखर असलेल्या माणसाची साखर त्यानं एक-दोन दिवस चढते, तेवढं मोजत राहायचं. म्हणून ब्लॉक किती वाजता दिला आणि अंदाजे किती वाजता उतरेल, हे कागदावर लिहून मागा. तोंडी नको.

हात बधिर असेपर्यंत तो तान्ह्या पोरासारखा सांभाळायचा. झोळीत ठेवा, कोपर खाटेच्या कडेवर दाबून राहू देऊ नका, गरम पाण्याची पिशवी किंवा चहाचा पेला त्याच्याजवळ नको, भाजलेलं कळत नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं. झोपताना पाठीला दोन-तीन उशा लावून अर्धवट बसतं झोपवा. खांद्याला आणि श्वासाला, दोघांनाही बरं पडतं.

एक गोष्ट आपल्या सीमाभागाची. संमतिपत्रक बहुतेक ठिकाणी इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतं, आणि वडील मराठी वाचणारे असले की अंगठ्याएवढाच अर्थ उरतो. सही करण्याआधी मराठीत सांगा म्हणून मागा. इथले डॉक्टर, सिस्टर सांगतात, त्यांनाही मराठी येतं. वॉर्डातल्या सिस्टरनं "नोवू?" विचारलं तर ती दुखतंय का विचारतेय, "जोमु" म्हणाली तर बधिरपणाबद्दल. वडिलांना एवढे दोन शब्द शिकवून ठेवा. आणि त्यांनी नुसतं "हाय जरा" म्हणू नये. आपली जुनी माणसं सोसणं हा मोठेपणा समजतात. ठणका आहे, कळ आहे की मुंग्या, कुठे आहे, झोप लागते का, हे नेमकं सांगितलं तरच औषध नेमकं देता येतं.

शेवटचा प्रश्न, त्याच दिवशी घरी न्यायचं का. नाही. तुमचं घर शहरात आणि हमरस्त्यावर असलं तरी नाही. ऑपरेशन बेळगावला झालं तर निपाणीपर्यंतचे ७५ किलोमीटर रात्री दोन वाजता ठणकत्या खांद्यानं उलटे करायला लावू नका. कोल्हापूरला झालं तर अंतर कमी, पण ४० वर्षं विडी प्यायलेल्या माणसाच्या बोटाला त्या रात्री ऑक्सिजन मोजणारा क्लिप आणि शेजारी जागी सिस्टर हवीच. ब्लॉक उतरू द्या, गोळ्यांवर ठणका आवाक्यात राहतोय हे दिवसाउजेडी पाहा, बोटं, मनगट, कोपर हलताहेत ते डॉक्टरांना दाखवा, मग न्या. ४८ तास उलटूनही हाताची ताकद परतली नसेल, बधिरपणा वाढत असेल, छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी परत आणा.